आधी पोटोबा, मग प्रोग्रॅम

यंत्रमानवाशी माझे वैर नाही, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. नाहीतर ‘म्हाताऱ्यांना नवीन काही खपतच नाही’ असे म्हणून वाचक पान उलटायचे. माझे वैर आहे ते एका चौकोनी सेलाशी. नऊ व्होल्टचा, डोक्यावर शेजारी शेजारी दोन टोप्या घातलेला, पत्र्याचा झगमगीत अंगरखा ल्यालेला तो सेल तुम्ही पाहिला असेल. मुलांना यंत्रमानव करायला शिकवणाऱ्या कितीतरी क्लासांनी, शिबिरांनी आणि खोक्यांनी या गृहस्थाला यंत्रमानवाच्या पोटाशी बांधून ठेवले आहे, आणि यंत्रमानव चालला नाही की मुलांना सांगतात, “तुझा प्रोग्रॅम चुकला.” मी जन्मभर हिशेब तपासण्याची नोकरी केली. एकाच्या नावचा खर्च दुसऱ्याच्या खाती टाकलेला मला आजही पाहवत नाही.

आता हा यंत्रमानव म्हणजे नेमका कोण, तेही पाहू. सिनेमातला डोळे लुकलुकवणारा नव्हे. एक पारदर्शक प्लॅस्टिकची फळी, तिला खालून दोन पिवळ्या मोटरी, दोन चाके, पुढे ऑफिसातल्या खुर्चीच्या पायाला असते तसले एक भिरभिरे चाक आणि वर एक निळी पाटी. झाला यंत्रमानव! यात मानव शोधू नये, सापडत नाही. निळ्या पाटीचे नाव आर्डुइनो. ही २००५ साली इटलीतल्या इव्रिआ गावी जन्मली, आणि तिचे नाव तिथल्या एका गुत्त्यावरून ठेवलेले आहे. गुत्त्याला नाव होते हजार वर्षांपूर्वीच्या एका राजाचे. क्लासवाले पालकांना फक्त राजाचे सांगतात, मधला गुत्ता गाळतात.

‘रोबो’ हा शब्द तर त्याहून बोलका. कारेल चापेक नावाच्या चेक लेखकाच्या १९२० सालच्या नाटकातून तो जगभर गेला, आणि त्याच्या मुळाशी आहे वेठबिगार. पण आमच्याकडे वेठबिगारालासुद्धा दुपारी भाकरी देत असत. आपण आपल्या यंत्रमानवाला जो चौकोनी सेल देतो ती भाकरी नव्हे, ती बडीशेप आहे.

माझ्या नातीच्या खोक्याबरोबर चाळीस पानांचे एक गुळगुळीत पुस्तक आले होते. सवयीने मी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासले. अडतीस पाने प्रोग्रॅमवर. एक पान अभिनंदनाचे. उरलेल्या पानावर तारा कुठे खोचायच्या त्याचे चित्र, आणि त्या चित्राखाली अर्धी ओळ : ‘आता बॅटरी जोडा.’ एवढेच. लग्नाच्या याद्यांत वरातीचा घोडा, बँड, मानपान सगळे तपशीलवार लिहावे आणि शेवटी ‘जेवण घाला’ असे दोन शब्द लिहून मोकळे व्हावे, तसा हा प्रकार. कोणाला, किती पानांना, आचारी कोण, काही नाही. जेवण घाला!

तेव्हा आपणच हिशेब मांडू. (ज्यांना आकड्यांनी चक्कर येते त्यांनी एक परिच्छेद डोळे मिटून घ्यावेत, पण मग नातवंडांना काही बोलू नये.) चौकोनी सेल उघडून पाहिला तर आत दीड-दीड व्होल्टची सहा पिटुकली घरे असतात, चाळीतल्या खोल्यांसारखी एकाला एक लागून. सहा गुणिले दीड, नऊ. आकडा भारदस्त आहे. पण खोल्या एवढ्याशा, त्यामुळे साठा बेताचा. चांगल्यातला अल्कलाइन घेतला तर सुमारे ५०० मिलिअँपिअर-तास. साधा पेन्सिल सेल दिसायला किरकोळ, पण चांगल्यातल्या एकाचा साठा २००० च्या वर जातो. म्हणजे चौकोनी सेल हा भरजरी शालू नेसून आलेला, पण पर्समध्ये सुटे पैसे नसलेला पाहुणा.

साठा कमी हे एक वेळ चालले असते. खरी गोम पुढे आहे. प्रत्येक सेलाच्या आत एक अडथळा असतो. टाकी भरलेली आहे, पण तिचा नळ अरुंद आहे, तसे. चौकोनी सेल ताजा असताना हा अडथळा दीड-दोन ओहमचा धरा. खोक्यात फुकट येतो तो स्वस्तातला जस्त-कार्बनचा असला तर आणखी जास्त. आता पिवळी मोटर फिरू लागली की दीडशे-दोनशे मिलिअँपिअरवर भागवते, बिचारी समंजस आहे. पण निघताना, म्हणजे थांबलेले चाक हलवताना, तिला क्षणभर अँपिअरच्या आसपास लागतो. मोटरी दोन. दोघी एकदम उठल्या की सेलाच्या आतच तीनेक व्होल्ट गळून पडतात. नऊचे उरले सहा. निळ्या पाटीला सुखाने पाच व्होल्ट वापरायचे तर दारात किमान सात पोहोचावे लागतात. पोहोचले सहा, किंवा तेही नाहीत. पाटीला भोवळ येते.

भोवळ आली की ती काय करते? मरत नाही. मेली असती तर बरे, निदान कारण शोधले असते. ती शुद्धीवर येते आणि प्रोग्रॅम पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करते. आमच्या एक आत्याबाई होत्या. त्यांना गोष्ट सांगताना ठसका लागला की त्या पुन्हा ‘आटपाट नगर होतं’पासून सुरू करत. राजा शिकारीला निघाला की ठसका, की पुन्हा आटपाट नगर. लहानपणी त्यांच्या तोंडून मी राजा कधी जंगलात पोहोचलेला ऐकला नाही. यंत्रमानवाचे अगदी तेच. पहिली ओळ : दोन्ही मोटरी पुढे. मोटरी उठतात, पाटीला भोवळ, पुन्हा पहिली ओळ, मोटरी उठतात, पुन्हा भोवळ. बघणाऱ्याला दिसते काय, तर यंत्रमानव जागच्या जागी उचक्या देतो आहे.

आणि या उचक्यांवर क्लासातले सर म्हणाले, “हिचं लॉजिक कच्चं आहे.”

हिचे म्हणजे माझ्या नातीचे. वय वर्षे दहा. क्लासाचे नाव सांगत नाही, कारण प्रश्न एका क्लासाचा नाही. घरी आल्यावर ती जेवली नाही. रात्री माझ्या खोलीत येऊन म्हणाली, “आबा, मला कोडिंग येत नाही. सर म्हणाले, माझा मेंदू त्या टाइपचा नाहीये.” दहा वर्षांच्या मुलीला स्वतःच्या मेंदूचा टाइप कोणी सांगितला, की ती पुढची साठ वर्षे तो जपून ठेवते. माझ्या पिढीतल्या किती बायकांना ‘गणित तुझं काम नव्हे’ असे एकदाच सांगितलेले मी पाहिले आहे! आमच्या हिचेच घ्या. वाण्याच्या यादीची बेरीज तोंडी करते, वाण्याची चूकही काढते आणि वर म्हणते, “मला बाई गणितातलं काही कळत नाही.”

मी नातीला म्हटले, “तुझा प्रोग्रॅम मला वाचून दाखव.” तिने वाचला. पुढे एक सेकंद, थांब, उजवीकडे वळ, थांब. चार ओळींत कच्चे राहायला जागा किती असते? मग आम्ही पाटीची वायर कॉम्प्युटरला तशीच जोडून ठेवली, चाके वर उचलून धरली, आणि तोच प्रोग्रॅम चालवला. तोच, अक्षर न बदलता. पठ्ठ्या शहाण्यासारखा चालला! एक सेकंद पुढे, थांबला, वळला, थांबला. वायर काढून जमिनीवर ठेवला, की उचक्या. वायर असताना पाटीला जेवण कॉम्प्युटरकडून मिळते, शिवाय उचललेल्या चाकांवर ओझे नसते. वायर सुटली की सगळा संसार चौकोनी सेलावर. यात लॉजिक कच्चे कोणाचे? जो मुलगी तपासतो आणि सेल तपासत नाही, त्याचे.

क्लासात मल्टिमीटर नव्हता, हे मला नंतर कळले. एकही नाही! दोन-तीनशे रुपयांना मिळणारी वस्तू. तापाचे पोर समोर असताना थर्मामीटर न लावता त्याच्या स्वभावाचे विश्लेषण करणारा डॉक्टर आपण दारात उभा करू का? (गंमत म्हणजे मल्टिमीटरच्या पोटात कित्येकदा हाच चौकोनी सेल असतो, आणि तिथे तो वर्षानुवर्षे सुखाने नांदतो. भजनी मंडळाच्या बिनतारी माइकमध्येही त्याचे बरे चालते. १९५० च्या दशकात खिशातल्या ट्रान्झिस्टर रेडिओसाठी हा सेल आला, तो थोडेथोडे मागणाऱ्या गिऱ्हाइकासाठी. पोष्टातल्या बचतखात्यावर साखर कारखाना काढायला सांगितला, यात त्याचा तरी काय दोष?)

आता विरोधकांचे म्हणणे ऐकू. पहिले म्हणतात, “अहो, मुलांना आधी कोडिंगची गोडी लागू द्या. वीज, व्होल्ट वगैरे रुक्ष भाग मागाहून.” मला सांगा, उचक्या देणाऱ्या यंत्रमानवाने गोडी कशी लागते? आणि रुक्ष कोण म्हणतो? सेल, वायर आणि मोटर एवढेच मुलाच्या हातात द्या. टोके लावली की फिरते, उलटी लावली की उलटी फिरते. या दोन वाक्यांवर आमची नात आणि खालच्या मजल्यावरची दोन पोरे एक अख्खी दुपार ओरडत होती. हीच मोटर पाटीच्या पायाला थेट लावू नये, कारण पाटीचा एक पाय वीस मिलिअँपिअरच सुखाने देतो, हेही त्यांना तिथल्या तिथे पटले. साहेबाची सही पोती उचलत नाही. सही दाखवून हमालांकडून पोती उचलून घेणारा मुकादम मध्ये लागतो, त्याला मोटर-ड्रायव्हर म्हणतात. खोक्यांतून नेहमी येणारा लाल रंगाचा एल २९८ हा मुकादम मात्र जुन्या वळणाचा. पोती उचलून देतो, पण सुमारे दोन व्होल्टांची दस्तुरी स्वतःच खातो. ती धरून सेल घ्यावे लागतात. हे पुस्तकात कुठे होते? अभिनंदनाच्या पानावर तरी हवे होते.

दुसरे विरोधक जरा वजनदार आहेत. ते म्हणतात, चौकोनी सेल निदान सुरक्षित. त्याऐवजी लिथियमचे सेल दिले तर पेट घेतील. यातले लिथियमविषयीचे मला शंभर टक्के मान्य. ते जाडजूड लिथियम सेल ताकदवान खरे, पण दोन टोके चुकून एकत्र आली, किंवा भलत्याच चार्जरला लावले, तर घर पेटवू शकतात. शिकाऊ मुलांच्या हाती ते देऊच नयेत. पण चौकोनी सेल आणि आगडोंब यांच्यामध्ये जगात काहीच नाही काय? पेन्सिल सेल आहेत की! पुन्हा भरता येणारे, निकेल-मेटल-हायड्राइडचे, प्रत्येकी १.२ व्होल्टचे सहा घ्या, ७.२ व्होल्ट झाले. मुकादमाची दस्तुरी जाऊन मोटरींना पाच उरतात, आणि त्यांचे पोट तेवढ्याचेच. आतला अडथळा नगण्य, त्यामुळे मोटरी एकदम उठल्या तरी हे सेल डगमगत नाहीत. तारेने तारा चिकटवण्याचा चावटपणा यांच्याशीही करू नये, तापतात. पण तेवढे दहा वर्षांच्या मुलाला सांगता येते.

आणि पाटीला चूल वेगळी मांडून द्यावी. घरात पॉवर बँक पडलेली असतेच, ती पाटीला. मोटरींना सहा सेल. दोन चुली झाल्या म्हणजे एकीच्या भांड्याचा आवाज दुसरीकडे जात नाही. (काही पॉवर बँका इतक्या शिष्ट असतात, की एवढीशी पाटी म्हणजे गिऱ्हाईकच नव्हे असे समजून आपोआप बंद होतात. तसली असेल तर दुसरी आणावी, तिच्याशी वाद घालू नये.) फक्त एक करायचे : दोन्हीकडच्या ऋण तारा एकमेकींना जोडायच्या. का, हे मुलांना सांगायला सोपे आहे. आपण तिसऱ्या मजल्यावर राहतो हे ठरते ते खालच्या जमिनीवरून. पाटीची जमीन एक आणि मुकादमाची दुसरी असेल, तर पाटी म्हणणार ‘पाच व्होल्ट वर’ आणि मुकादम विचारणार ‘कुठून मोजून?’ जमीन एक केली की भांडण मिटते. पुण्यात तपकीर गल्लीत आणि पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांत सेलांचा डबा, वायर, स्विच सगळे सुटे मिळते. दुकानदाराला मोटरींचा आकडा सांगितला तर तो न विचारता योग्य डबा काढून देतो. त्याने कुठलाही क्लास केलेला नाही.

तिसरे विरोधक सर्वांत गोड. ते म्हणतात, “काका, प्रोग्रॅम हा शुद्ध विचार आहे. बॅटरी ही हार्डवेअरची बाब.” शुद्ध विचाराचे मला कौतुक आहे, पण तो फरशीवर उतरला की त्यालाही पोट असते. आम्ही सेल बदलल्यावर एक प्रयोग केला. तोच ‘पुढे एक सेकंद’ प्रोग्रॅम. सकाळी सेल भरलेले असताना यंत्रमानव साडेतीन फरश्या गेला. दिवसभर पिदडल्यावर संध्याकाळी अडीच. अक्षर बदलले नव्हते. नात क्षणभर बघत राहिली आणि म्हणाली, “आबा, म्हणजे ‘एक सेकंद’ हे अंतर नाहीच!” या एका वाक्यासाठी मी ती अडतीस पाने रद्दीत द्यायला तयार आहे. मग तिलाच सुचले, की सेकंद मोजण्याऐवजी चाक किती फिरले ते मोजता आले तर? तशी चकती आणि डोळा मिळतो. तो लावायचा कशासाठी, हे आता तिला कोणी सांगावे लागले नाही. दोन्ही मोटरींना सारखाच आकडा दिला तरी यंत्रमानव डावीकडे ओढ घेतो, कारण दोन मोटरी कधीही जुळ्या नसतात, हेही तिने खडूने फरशीवर रेघ मारून पकडले. ‘डिले’ लिहिले की तेवढा वेळ पाटी डोळे मिटून घेते आणि समोर भिंत आली तरी बघत नाही, हे त्याने आमच्या हिच्या तुळशीच्या कुंडीला धडक दिली तेव्हा समजले. हे सगळे प्रोग्रॅमिंगच झाले की नाही?

मी हे काही जगावेगळे सांगत नाही. १९६७ साली अमेरिकेत सीमोर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी ‘लोगो’ नावाची भाषा केली. पुढे तिच्या जोडीला जमिनीवर चालणारे एक कासव आले. शंभर पावले पुढे, नव्वद अंश उजवीकडे, असे चारदा सांगितले की चौकोन. अडले की मुलाने स्वतः कासव व्हायचे आणि चालून बघायचे. म्हणजे डोक्याआधी पाय. त्याच्याही आधी, १९४८-४९ च्या सुमारास, इंग्लंडात ब्रिस्टलला ग्रे वॉल्टर नावाच्या शास्त्रज्ञाने एल्मर आणि एल्सी अशी दोन यांत्रिक कासवे केली. त्यांच्यात प्रोग्रॅमची एक ओळ नव्हती. दोन व्हॉल्व्ह, प्रकाश बघणारा एक डोळा, धडक समजणारे कवच, बस्स. एरवी ती झगझगीत उजेडापासून दूर सरत. पण बॅटरी उतरू लागली की त्यांचा नूर पालटे, आणि ज्या घरकुलात दिवा लावलेला असे तिकडे ती आपल्या पायांनी, म्हणजे चाकांनी, चार्ज व्हायला परत येत. दोन व्हॉल्व्हच्या कासवाला जे कळत होते ते चाळीस पानांच्या पुस्तकाला कळत नाही, याला प्रगती म्हणायचे असेल तर म्हणा.

क्लासाच्या फीबद्दल मी बोलणार नव्हतो, पण राहवत नाही. आईबाप ती हप्त्याने भरतात. सत्राच्या शेवटी प्रदर्शन असते, तिथे यंत्रमानव टेबलावर वायर लावूनच चालवतात, पालक मोबाइलवर चित्रफीत काढतात, गळ्यात पदक पडते. ज्यांचे वायरशिवाय चालत नाही त्यांची मुले मागे उभी असतात आणि त्यांना वाटते, आपणच ढ. मला पदकाचे काही नाही. मागे उभ्या राहिलेल्यांची यादी कोणी ठेवत नाही, याचे आहे.

म्हणून मी क्लासाच्या संचालकांना रीतसर पत्र लिहिले. वरचा हिशेब मांडला, जमा-खर्चाचे दोन रकाने पाडले, खाली मागण्या लिहिल्या : पहिला तास सेलाचा, दर चार मुलांमागे एक मल्टिमीटर, मोटरींना पेन्सिल सेल, आणि सेलाचे व्होल्ट मोजून वहीत लिहिल्याशिवाय कुठल्याही मुलाच्या लॉजिकबद्दल एक शब्द काढायचा नाही. नातीने खाली पुरवणी जोडली, ‘सकाळी ७.९, संध्याकाळी ६.८, फरश्या अनुक्रमे साडेतीन व अडीच.’

उत्तर आठवड्यात आले, हे त्यांच्या बाजूने नमूद केले पाहिजे. आमच्या मौलिक सूचनांबद्दल आभार मानले होते, आणि त्या लक्षात घेऊन पुढच्या बॅचपासून प्रत्येक खोक्यात चौकोनी सेल एकाऐवजी दोन, तेही मोफत, देण्याचे ठरले आहे असे कळवले होते.